स्वस्त तें सगळेंच खोटें काय?

खरिपाचे दिवस जवळ आले म्हणजे आपल्या मुरुडच्या बाजारांत दोन शब्द फार ऐकूं येतात : 'ओरिजिनल' आणि 'डुप्लिकेट'. बियाण्यापासून ट्रॅक्टरच्या तेलापर्यंत कोणतीहि वस्तु घेतांना शेतकऱ्याच्या मनांत प्रथम हीच शंका उभी राहते, आणि ती निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. २०२० च्या खरिपांत पेरलेलें सोयाबीन उगवलें नाहीं अशा तक्रारी मराठवाड्यांत इतक्या झाल्या, कीं मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें त्यांची आपण होऊन दखल घेतली. ज्याचा हंगाम एकदां बुडाला, तो पुढें 'बोगस' या नुसत्या शब्दानेंहि दचकतो. खोटा माल विकणाऱ्यास कडक शासन झालें पाहिजे, याविषयीं दुमत नाहीं. परंतु या भीतीचा उपयोग भलत्याच कामासाठीं होऊं लागला आहे, तिकडे वाचकांचें लक्ष वेधावें म्हणून हा लेख.

आमच्या ओळखीचे एक लहान दुकानदार ट्रॅक्टरचें तेल व फिल्टर विकतात. एका मोठ्या व्यापाऱ्याकडून ते रोखीनें एकगठ्ठा माल उचलीत, पक्की पावती घेत, आणि थोड्या नफ्यावर समाधान मानून छापील किमतीहून बऱ्याच कमी भावानें विकीत. एके दिवशीं त्यांच्या हातीं एका कंपनीच्या वकिलाची नोटीस पडली : तुमच्याकडील आमच्या नांवाचा माल नकली आहे, विक्री न थांबविल्यास फौजदारी करूं. आम्ही महसूल खात्यांत कारकुनी केलेली, म्हणून ते कागद घेऊन आमच्याकडे आले. "काका, एवढें वाचून सांगा. मी चोर ठरलों काय?" असें त्यांनीं विचारलें.

नोटीस आम्ही दोनदां वाचली. कोणता नग नकली, तो कोठें व केव्हां घेतला, कोणीं तपासला, यांपैकीं एकाचाहि उल्लेख तींत नव्हता. शेवटीं मात्र असें होतें कीं, आमचा माल ठरविलेल्या किमतीखालीं विकणार नाहीं असें लिहून दिल्यास प्रकरण मिटविण्यांत येईल. तेथें आम्ही थांबलों. माल खोटा असेल, तर पुऱ्या किमतीस विकल्यानें तो खरा कसा होईल? नकली मालानें ज्याचें नांव बुडतें, तो 'विकूं नका' म्हणेल. 'महाग विका' म्हणणार नाहीं. तक्रारीच्या पोटांत भावाची अट दिसली, कीं तक्रार मालाची नसून भावाची आहे असें समजावें.

आम्ही उत्तर लिहून दिलें : नग दाखवा, तपासणीचा अहवाल पाठवा, पावत्या पाहावयास या. त्यास कांहींच उत्तर आलें नाहीं. परंतु दुकानदारांनीं तत्पूर्वींच भाव वाढविला होता. कोर्टकचेरीचा खर्च त्यांस झेपणारा नव्हता. नोटिशीनें आपलें काम केलें, आणि वाढीव पैसे गेले ते शेतकऱ्याच्या खिशांतून.

निजामी अमदानींत आपल्याकडे हाली सिक्का चाले, आणि शेजारच्या बार्शीस कलदार. सुमारें सात हाली रुपयांस सहा कलदार असा हिशेब असे, हें वडीलधाऱ्यांच्या तोंडून आम्ही ऐकलें आहे. हालीचा भाव कमी, म्हणून त्यास कोणी खोटें नाणें म्हणत नसे. भावांतला फरक ही एक गोष्ट, आणि खोटेपणा ही दुसरी.

कायद्यानेंहि हा भेद राखला आहे. वेष्टनावरील किंमत ही 'कमाल' किंमत. तिच्यावर जातां येत नाहीं, खालीं येण्यास हरकत नाहीं. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याच्या कलम ३० प्रमाणें, रीतसर विकत घेतलेला अस्सल माल पुढें विकणें म्हणजे चिन्हाचा भंग नव्हे. मात्र माल मध्यंतरीं बदलला वा बिघडला असेल तर कंपनीस हरकत घेतां येते, आणि तें योग्यच आहे. त्याच कायद्याचें कलम १४२ असें कीं, निराधार धमकी मिळालेल्यानें उलट दावा लावून मनाई व नुकसानभरपाई मागावी; कंपनीनें स्वत: तत्परतेनें दावा लावून चालविला तर गोष्ट निराळी.

मोठ्या कंपन्यांचींहि उदाहरणें आहेत. सॅमसंगचे अस्सल प्रिंटर परदेशांतून आणून येथें विकणाऱ्यांवर त्या कंपनीनें दावा केला. माल कंपनीचाच आहे, याविषयीं वाद नव्हता. २०१२ सालीं दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानें विक्रीस मुभा दिली. अट एवढीच, कीं माल आयात केलेला असून त्यास कंपनीची हमी नाहीं हें ग्राहकास स्पष्ट दिसावें. २०१४ सालीं स्पर्धा आयोगानें सुटे भाग खुल्या बाजारांत येऊं न देणाऱ्या चौदा मोटार कंपन्यांस मिळून सुमारें २,५४५ कोटी रुपये दंड केला, आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट हमी रद्द करूं नये असें बजावलें. तीन कंपन्यांच्या अपिलांत २०१६ सालीं दंड कमी झाला, पण दोष कायम राहिला. २०२१ सालीं याच आयोगानें मारुती कंपनीस २०० कोटी दंड केला. विक्रेत्यांनीं ठरल्याहून अधिक सूट देऊं नये म्हणून ती खोटे गिऱ्हाईक पाठवून पाळत ठेवीत होती, असा आयोगाचा निष्कर्ष होता. कंपनीनें त्यावर अपील केलें.

आतां आपण काय करावें? प्रत्येक खरेदीची पावती घ्यावी, आणि पिशवी वा डबा हंगाम संपेपर्यंत टाकूं नये. कोणी माल नकली म्हटलें तर "लिहून द्या" म्हणावें; लिहिण्याची वेळ आली कीं पुष्कळांची जीभ आवरते. बियाणें व औषधें यांच्या बाबतींत १९६६ चा बियाणें कायदा व १९६८ चा कीटकनाशक कायदा आहेच. निरीक्षकानें नमुना घ्यावा, त्याचे तीन भाग करावेत, आणि खरेंखोटें सरकारी प्रयोगशाळेनें ठरवावें. दुकानदाराचा परवाना अपुरा असेल तर तो परवान्याचा दोष. तेवढ्यानें माल खोटा ठरत नाहीं. आणि अशी नोटीस आलेल्या दुकानदारास आपल्या मंडळानें एकटें सोडूं नये. चार जाणत्यांनीं बसून उत्तर लिहिण्यास एक टपाल तिकीट पुरतें.

तपासणीवांचून कोणास खोटें म्हणूं नये, आणि तपासणीवांचून कोणाचें ऐकून घाबरूंहि नये, इतकेंच आमचें म्हणणें आहे.