धूसर, पण मर्यादेत

आमच्या नाशिकरोडला एक वेळ नळाला पाणी नसलेले खपेल, पण छपाईतली चूक खपत नाही. १९२८ सालापासून इथे नोटा छापतात. (नाशिकरोडचा माणूस हे अशा थाटात सांगतो, की छापून झालेल्या नोटा आधी त्याच्या घरी वाळत घालतात असे वाटावे.) छापताना नोट बिघडली की ती बाजूला काढायची आणि तिच्या जागी नंबरात चांदणी असलेली दुसरी नोट घालायची, अशी पद्धत आहे. २००६ साली लहान नोटांपासून ती सुरू झाली. गड्डी शंभराची ती शंभराचीच. “ही नोट उजवीकडे जराशी पुसट आहे, पण मर्यादेत आहे, चालवून घ्या,” असे कोणी रिझर्व्ह बँकेला सांगितल्याचे माझ्या तरी ऐकण्यात नाही.

आम्हाला मात्र हे वाक्य एका ड्रोनच्या दुकानात ऐकावे लागले, आणि माझे भांडण त्या वाक्याशी आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये मी आणि माझा मेहुणा, असे दोघांत मिळून एक ड्रोन घेतला. किंमत शेहेचाळीस हजार. वजन दोनशे एकोणपन्नास ग्रॅम. सरकारच्या २०२१ च्या नियमांत अडीचशे ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ समजतात आणि तो उडवायला परवाना लागत नाही. म्हणून कंपन्या एक ग्रॅम कमी भरतात. आमचा वाणीही चिवडा असाच देतो, पण त्यामागे कायद्याचा इतका अभ्यास नसतो.

आता ड्रोन उडवायला नाशिकरोडइतकी गैरसोयीची जागा हिंदुस्थानात शोधून सापडायची नाही. इकडे तोफखाना केंद्र, तिकडे दोन-दोन प्रेस, पलीकडे देवळाली कॅम्प. गच्चीवरून पतंग उडवतानासुद्धा इकडेतिकडे बघावे लागते. तेव्हा सरकारी नकाशातला हिरवा पट्टा बघून आम्ही तो मेहुण्याच्या द्राक्षबागेत, चांदवड तालुक्यात, उडवला. फोटो बघून मेहुणा ओरडला, “दाजी, उजव्या अंगाला भुरी आली!” आणि तसाच धावत गेला. पाने हिरवीगार होती. भुरी कॅमेऱ्यात होती.

डावीकडच्या ओळीतली तारसुद्धा मोजून घ्यावी इतकी स्पष्ट आणि उजवीकडे नुसता पालेभाजीचा गरगट. मी बी.कॉम. असलो तरी ताळा करून बघण्याची सवय आहे. आम्ही दूरची पाण्याची टाकी आधी चौकटीच्या डाव्या बाजूला घेतली, मग ड्रोन थोडा वळवून तीच टाकी उजव्या बाजूला घेतली. ऊन लख्ख, वारा नाही, शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाचे, म्हणजे हात हलला म्हणायला ड्रोनला हातच नाही. डावीकडे टाकीची शिडी दिसे, उजवीकडे टाकीच आहे की गवताची गंजी आहे असा प्रश्न पडे. असे बारा वेळा केले. दोष टाकीत असता तर तो टाकीबरोबर हलला असता, पण तो उजवीकडची जागा सोडायला तयार नव्हता.

दुकानदाराने पहिल्या खेपेला लेन्स शर्टाच्या टोकाने पुसली. दुसऱ्या खेपेला म्हणाला, “नवीन सॉफ्टवेअर टाका, फोकस सुधारेल.” इथे माझे डोके फिरले. आमच्या ड्रोनच्या कॅमेऱ्यात फोकस करणारी मोटरच नाही. अशा कॅमेऱ्यात लेन्स कारखान्यातच एका ठिकाणी नेमून डिंकाने पक्की चिकटवतात. मीटरभरापासून क्षितिजापर्यंत सगळे स्पष्ट दिसावे, असा हिशेब असतो. चिकटवताना ती केसभर कलली, की एक बाजू क्षितिजाकडे बघते आणि दुसरी समोरच्या कुंपणाकडे. वाळलेल्या डिंकाला सॉफ्टवेअरने कसे समजवायचे? भिंतीवर तसबीर तिरकी लागली म्हणून घरातला रेडिओ बदलून घ्या असे सांगण्यापैकीच हे.

तिसऱ्या खेपेला ते सुप्रसिद्ध वाक्य आले: “कंपनी म्हणते, मर्यादेत आहे.” कुठली मर्यादा? किती? कागद दाखवा! कागद नाही. खोक्यावर वजन ग्रॅममध्ये, उड्डाण मिनिटांत, चित्र मेगापिक्सेलमध्ये छापतात. कोपरा किती धूसर चालेल, एवढेच तेवढे गुलदस्त्यात. जी मर्यादा गिऱ्हाइकाला आधी सांगत नाहीत, ती मर्यादा नव्हे, ती पळवाट. आणि ती दुकानदाराच्या मागच्या दाराशीच का उघडते, हे कळायला कॉमर्सची पदवी लागत नाही.

तेवढ्यात ९ फेब्रुवारी २०२२ ला सरकारने परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आणायला बंदी केली. दुकानदाराला काय आनंद! “साहेब, आता बदली माल येणारच नाही.” अहो, बंदी अख्ख्या ड्रोनला होती, सुट्या भागांना नव्हती! कॅमेरा हा सुटा भागच ना? यावर तो चहा मागवायला आत गेला तो गेलाच.

कायदा म्हणाल तर गिऱ्हाइकाच्या बाजूने चोख आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी पडत नाही आणि दोष नुसत्या डोळ्यांनी ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. पण शेहेचाळीस हजारांच्या एका कोपऱ्यासाठी माणसाने रजा टाकून किती तारखा कराव्यात, याचा हिशेब दुकानदाराने आपल्या आधी केलेला असतो. “धूसर आहे, पण मर्यादेत आहे” हे वाक्य उभे आहे ते आपल्या शिल्लक रजेवर.

माझ्या काउंटरवर रोज एखादी तरी फाटकी नोट येते. उंदराने खाल्लेली, धोतराबरोबर धुतलेली, वाळवीने चाखलेली. मी कुणाला “मर्यादेत फाटली आहे” म्हणून हाकलत नाही, कारण मर्यादा छापलेली आहे. पन्नास आणि त्यावरची नोट, सर्वांत मोठा सलग तुकडा ऐंशी टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण पैसे; चाळीस ते ऐंशी टक्के असेल तर निम्मे. ज्याने उंदीर पाळले त्यालासुद्धा हा न्याय मिळतो.

मेहुणा हल्ली प्रत्येक फोटोचा उजवा चौथा हिस्सा कापून टाकतो. उरतो पंचाहत्तर टक्के. तेव्हा नोटेच्या नियमाने निम्मी किंमत, म्हणजे तेवीस हजार, परत मिळावी असे रीतसर पत्र मी तीन प्रतींत टाइप करून दुकानात नेऊन दिले.

दुकानदाराने ते दोनदा वाचले. “साहेब,” तो म्हणाला, “ड्रोन म्हणजे काय नोट आहे का?”

नाही. पाचशेच्या ब्याण्णव नोटा आहेत. मी स्वतः मोजून दिल्या होत्या, आणि घेताना त्याने एकेक उजेडात धरून, उजव्या कोपऱ्यासकट, नीट बघून घेतली होती.