बाजार मोबाईलवर, पण वही आपल्या हाती



झाशी विभाग २००३ पर्यंत मध्य रेल्वेत होता. भुसावळ, नागपूर, मुंबईकडून बदलीवर आलेली कितीतरी मराठी कुटुंबे येथेच स्थिरावली. नेवाळकरांच्या अमलापासून राहिलेली मराठी घरे तर त्याही आधीची. या सर्वांचा सणावाराचा बाजार म्हणजे राणी महालाजवळचा मानिक चौक. आता या चौकातही काळ बदललेला दिसतो. गादीवर नोकर साडी उलगडतो आणि मालक तिचा फोटो काढून मोबाईलवरून गिऱ्हाइकाला पाठवतो. गिऱ्हाईक दुकानाची पायरी न चढताच साडी पसंत करते.

हे लोण आता आमच्या सभासदांच्या घरांतही पोचले आहे. कोणाची पत्नी मसाले करते, कोणाची मुलगी ब्लाउज शिवते, कोणी कापडी खेळणी बनवते. ही खेळणी उत्तर प्रदेश सरकारच्या ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत झाशीची वस्तू म्हणून नोंदलेली आहेत. १ जानेवारी २००४ नंतर नोकरीस लागलेल्या बहुतेकांना जुन्या पेन्शनचा आधार नाही. अशा वेळी घरात चार पैसे जास्त येत असतील, तर त्यात कमीपणा कसला? घरच्यांनी समाजमाध्यमांचा उपयोग जरूर करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण माध्यम हा गिऱ्हाइकापर्यंत जाण्याचा रस्ता आहे. त्यालाच दुकान समजण्याची चूक करू नये.

आमच्या पाहण्यातली एक गोष्ट सांगतो. वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या एका फिटर बंधूंच्या घरी दिवाळीचा फराळ विकण्याचा उद्योग आहे. पूर्वी मानिक चौकातल्या ओळखीच्या दुकानात चकलीचे डबे ठेवत. मग सूनबाईंनी मोबाईलवर पान उघडले. अनारशांचे फोटो टाकले, तेव्हा भोपाळ-नागपूरहून मागणी आली. उत्साह वाढला. निवृत्तीच्या पैशांतून जाहिरातीला पैसे जाऊ लागले, दुकानातले डबे बंद झाले. आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी खाते बंद! कारण कळेना, तक्रार ऐकायला माणूस सापडेना. ऑर्डरी, पत्ते, फोन नंबर सारे त्या खात्यातच अडकले. घरात बेसन आणि तुपाचे डबे आणून ठेवलेले.

तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “सूनबाई, देवघराच्या फडताळात माझी वही आहे, ती आण.” त्या वहीत जुन्या गिऱ्हाइकांची नावे होती. कोणाला तिखट कमी लागते, कोणाकडे डोहाळजेवण आहे, हेही लिहिलेले. दोघी सासू-सुना फोन घेऊन बसल्या. सगळा माल खपला नाही, पण बुडीत निघाली नाही. ती दिवाळी त्या वहीने तारली.

ही एका घरापुरती गोष्ट नाही. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. बंदीची कारणे वेगळी होती. पण त्याच्या भरवशावर धंदा मांडलेल्या लहान माणसांचे गिऱ्हाईक एका रात्रीत गेले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप ही तिन्ही एकाच वेळी जगभर सुमारे सहा तास बंद पडली, कारण तिन्हींचा मालक एकच आहे. जागा दुसऱ्याची असली की नियम त्याचा आणि कुलूपही त्याचेच. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराला हे वेगळे सांगायला नको.

मग करावे काय? गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता, फोन आणि आवड दर आठवड्याला कागदाच्या वहीत उतरवावी. स्थानिक दुकानातला डबा बंद करू नये. जाहिरातीला आधी ठरवलेल्या रकमेपेक्षा एक रुपयाही जास्त घालू नये, आणि फंडाचे पैसे तर मुळीच नाहीत. फोटोत दाखवला तोच माल पाठवावा. खाण्याच्या पदार्थांची अन्नसुरक्षा नोंदणी करून घ्यावी. आणि घरातल्या प्रत्येकाला बजावावे की पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागणारा गिऱ्हाईक नव्हे, चोर समजावा.

टपाल बंधूंना यात नवे काही वाटणार नाही. १८७७ मध्ये टपाल खात्याने व्ही.पी. सुरू केली. वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून खेड्यातला माणूस पुस्तक मागवी आणि पोस्टमन पार्सल हाती देऊन पैसे घेई. माल पोचल्यावर पैसे, ही आजची पद्धत त्या व्ही.पी.चीच नात आहे. न पाहिलेल्या माणसाकडून माल घेण्याचा विश्वास या देशात खाकी गणवेशातल्या पोस्टमनने निर्माण केला. आजही बटण दाबून लाडू पोचत नाहीत. कोणीतरी पार्सल उचलते, गाडीत चढवते, जिने चढून दारात देते. त्या कष्टाची किंमत आपण तरी विसरू नये.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना, आणि ती सेवेत असलेल्या सभासदांना आहे. रेल्वे सेवा (वर्तणूक) नियम १९६६ आणि टपाल खात्याला लागू असलेले केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९६४, या दोन्हींतला नियम १५ वाचून घ्या. पूर्वपरवानगीशिवाय आपल्याला धंदा करता येत नाही. कुटुंबातील कोणी धंदा करत असेल, तर तसे कार्यालयाला कळवावे लागते. घरच्यांच्या धंद्यासाठी आपण प्रचार केला, तर तोही अंगाशी येऊ शकतो. पत्नीच्या फराळाचा फोटो कार्यालयाच्या ग्रुपवर पाठवणे आपल्याला गंमत वाटते, पण तोच फोटो उद्या चार्जशीटला जोडलेला दिसेल. बचावाला आम्ही उभे राहूच, पण हाताने पुरावा देऊ नका. धंदा घरच्यांच्या नावाने, त्यांच्याच फोनवरून आणि कार्यालयाला लेखी कळवून होऊ द्या.

आमची शाखांना विनंती आहे की महिन्यातून एक संध्याकाळ युनियन कार्यालय सभासदांच्या घरच्या मंडळींसाठी उघडे ठेवावे. ज्यांना मोबाईलवरचा बाजार जमतो, त्यांनी इतरांना शिकवावे. पाच घरांनी मिळून एक पान चालवले, तर खर्च वाटला जाईल आणि एकाचे खाते बंद पडले तरी दुसऱ्याचे चालू राहील. एकट्याला कंपनी दाद देत नाही. एकजुटीची सवय आपल्याला आहे, ती येथेही कामी येईल.

मोबाईल जरूर वापरा. पण आज रात्री जेवणे झाली की घरातली एक कोरी वही काढा आणि पहिल्या गिऱ्हाइकाचे नाव लिहा.

कामगार एकजुटीचा विजय असो!