दंड कोणाला?

नायजेरियातील लेगॉस हे आफ्रिका खंडातील सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक. तेथील वाहतूक कोंडीला लोक 'गो-स्लो' म्हणतात. गाड्या थांबल्या, की डोक्यावर पाण्याच्या पिशव्या घेतलेली मुले त्यांच्यामधून फिरू लागतात. अर्धा लिटर पाण्याची ही बंद पिशवी तेथे 'प्युअर वॉटर' या नावाने विकली जाते. गाडी सुटली, तरी पैसे हाती पडेपर्यंत मुलाला तिच्याबरोबर धावावे लागते. यांतील काही मुले शाळा सुटल्यावर येतात. काहींनी शाळा पाहिलेलीच नसते. आणखी कितीतरी मुले तर रस्त्यावर दिसतही नाहीत. शिकवण्याचे आश्वासन देऊन त्यांना खेड्यांतून, शेजारच्या बेनिन व टोगो या देशांतूनही आणले जाते आणि ती परक्या घरी धुणीभांडी करीत राहतात.

कायदे नाहीत, असे नाही. नायजेरियाने २००३ साली बालहक्क कायदा केला. लेगॉस राज्याने २००७ मध्ये तशाच स्वरूपाचा कायदा संमत केला. २००४ पासून नऊ वर्षांचे शिक्षण मोफत व सक्तीचे आहे. रस्त्यावरील विक्रीला बंदी घालणारा लेगॉसचा कायदाही २००३ चाच. २०१६ मध्ये अधिकाऱ्यांपासून पळणारा एक फेरीवाला वाहनाखाली सापडून मरण पावला. संतप्त जमावाने बसगाड्या फोडल्या. त्यानंतर या कायद्याची कठोर अंमलबजावणी जाहीर झाली : विकणारा आणि विकत घेणारा, दोघांनाही ९०,००० नायरा दंड किंवा सहा महिने कैद.

घेणाऱ्यालाही जबाबदार धरले, हे मला पटते. पण त्या वेळी देशातील किमान मासिक वेतन १८,००० नायरा होते. पाण्याच्या एका पिशवीसाठी पाच महिन्यांचे वेतन! मुलाच्या कमाईवर ज्या घरची चूल पेटते, त्या घराने हा दंड भरायचा कोठून? अशा भीतीने मूल मोठ्या रस्त्यावरून गल्लीत जाते, शाळेत जात नाही. आपल्यापैकी काहींनी कामासाठीच शाळा सोडली असेल. त्यांना हे वेगळे सांगायला नको.

त्याच वर्षी देशात शालेय भोजनाची योजना सुरू झाली. शाळेत मूल जेवते, तेव्हा घरचा एका जेवणाचा खर्च वाचतो आणि त्याला कामावर धाडण्याची निकड थोडी कमी होते. दंडापेक्षा मला हा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो. मात्र ही योजना पहिली ते तिसरीच्या मुलांपुरतीच आखली गेली. गाड्यांमागे धावणारी कितीतरी मुले त्याहून मोठी असतात.