पोच परत आली पाहिजे

व्यापारात माल रवाना झाला म्हणजे व्यवहार पूर्ण झाला, असे कोणी मानीत नाही. मालासोबत बिल्टी जाते, माल उतरल्याची पोच येते आणि मगच पेढीवरचा मनुष्य निश्चिंत होतो. घरातील आजारी माणूस एका डॉक्टरांकडून दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठविला जातो, तेव्हा मात्र त्याच कुटुंबात बिल्टीचा आणि पोचेचा विचार क्वचितच होतो.

वैतरणेपासून सफाळे, पालघर, बोईसर-तारापूरपर्यंतच्या पट्ट्यात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. तरीही हृदय, मेंदू किंवा कर्करोगाच्या विशेष उपचारांसाठी येथील अनेक रुग्ण दक्षिणेस बोरिवली-मुंबईकडे वा उत्तरेस वापी-वलसाडकडे जातात. शस्त्रक्रिया तिकडे होते. पुढील अनेक वर्षांचा सांभाळ गावातील कुटुंबवैद्यांकडेच असतो. या दोन डॉक्टरांची एकमेकांशी भेट होत नाही. रुग्ण वैतरणेचा पूल ओलांडून घरी परततो, त्याची माहिती पुष्कळदा पलीकडेच राहते.

याचा परिणाम केवळ गैरसोयीपुरता नसतो. समजा, एखाद्या ज्येष्ठांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसविला. त्यानंतर रक्त गोठू नये म्हणून सामान्यतः दोन औषधे कित्येक महिने घ्यावी लागतात. घरी आल्यावर दाढ काढण्याचा प्रसंग आला आणि कोणी तरी ती औषधे परस्पर बंद केली, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन जीवावर बेतू शकते. दोष हेतूचा नसतो. रुग्णालयाचे मुक्तिपत्र कपाटातील फाइलमध्ये असते आणि समोरच्या डॉक्टरांनी ते पाहिलेले नसते.

या बाबतीत नियम स्पष्ट आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारविषयक विनियमांनुसार रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठविताना डॉक्टरांनी त्याच्या आजाराचा सारांश द्यावा आणि तज्ज्ञाने आपले मत पाठविणाऱ्या डॉक्टरांना लेखी कळवावे. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातलगाने वैद्यकीय नोंदी मागितल्यास त्या ७२ तासांच्या आत द्याव्यात, हेही त्यात आहे. म्हणून पत्र मागताना संकोचाचे कारण नाही. ती डॉक्टरांवर शंका नव्हे. त्यांच्याच धर्माचा तो भाग आहे.

जैन कुटुंबांच्या बाबतीत या पत्रात आणखी एक ओळ असावी लागते. चौविहार पाळणाऱ्या व्यक्तीचे भोजन सूर्यास्तापूर्वी होते आणि नंतर पाणीही वर्ज्य असते. शहरातील तज्ज्ञ मधुमेहाची गोळी ‘रात्रीच्या जेवणापूर्वी’ लिहून देतात, तेव्हा त्यांच्या मनात नऊ वाजताचे जेवण असते. सायंकाळीच जेवलेल्या रुग्णाने ती गोळी नऊ वाजता रिकाम्या पोटी घेतली, तर रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. व्रत मोडू नये म्हणून ती घेतलीच नाही, तर साखर वाढत राहते. कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा प्राणिजन्य जिलेटिनचे असते, हे कळल्यावर काही जण औषधच मुकाट्याने सोडून देतात. वेळ बदलता येते, अनेकदा पर्यायी औषधही मिळते; पण डॉक्टरांना ठाऊक असेल तरच. पर्युषणातील तपश्चर्येचा संकल्पही दोन्ही डॉक्टरांना आधी कळविलेला बरा.

आयुर्वेदाने वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण असे चिकित्सेचे चार पाद मानले. उत्तराध्ययन सूत्राच्या विसाव्या अध्ययनात अनाथी मुनी राजा श्रेणिकास आपल्या आजाराची हकीकत सांगतात, तेथेही चतुष्पाद चिकित्सेचा उल्लेख येतो. आज वैद्य एक राहिला नाही, तीन-चार झाले. त्यांना जोडण्याचे काम परिचारकाकडे, म्हणजे घरातील माणसांकडे आले आहे.

त्यासाठी घरातील एका जबाबदार व्यक्तीने हे खाते सांभाळावे. जाताना सारांशपत्र, चालू औषधांची मूळ नावांसह यादी, न सोसणारी औषधे आणि आहारनियम सोबत असावेत. कंपनीगणिक नाव बदलल्याने एकच औषध दोनदा घेतले जाते, ते यामुळे टळते. परत निघताना मुक्तिपत्राची जादा प्रत घ्यावी. कोणते औषध नवे, कोणते बंद, कोणते किती दिवस, पुढील तपासणी कधी आणि कोणत्या लक्षणांवर कोणास कळवायचे, हे त्यात लिहिलेले आहे ना, ते रुग्णालय सोडण्यापूर्वीच पाहावे. घरी पोहोचल्यावर दोन-तीन दिवसांत ती प्रत कुटुंबवैद्यांच्या हाती द्यावी.

चालण्या-बोलण्यात, आहारात यतना पाळणाऱ्या घराला हे कठीण नाही. रोजमेळ ज्या काटेकोरपणे लिहिला जातो, त्याच काटेकोरपणाने हे दोन कागद जपले, तरी एखादा जीव वाचू शकतो.