सातबाऱ्यावर ज्याचे नाव नाही, त्याची हरकत कोण ऐकणार?

शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादनाची अधिसूचना २०२४ साली निघाली आणि शिरोळपासून आजऱ्यापर्यंत आपल्या जिल्ह्यातल्या सहा तालुक्यांचा शेतकरी खडबडून जागा झाला. नागपूर ते गोवा, बारा जिल्हे, ८०२ किलोमीटरची आखणी. ज्याने त्याने यादीत आपला गट नंबर शोधला. हरकती दाखल झाल्या, मोर्चे निघाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, कोल्हापूर जिल्ह्यापुरती ती अधिसूचना सरकारला मागे घ्यावी लागली. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने याच महामार्गासाठी २०,७८७ कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली, तेव्हा १ जुलैला, ऐन कृषिदिनी, शेतकरी पुन्हा पंचगंगा पुलावर उतरला.

या लढ्याबद्दल कुणाचे काही मत असो, एक गोष्ट सर्वांना मान्य करावी लागेल. या शेतकऱ्याला ‘जमीन देणार नाही’ असे म्हणता आले, कारण सातबाऱ्यावर त्याचे नाव होते. नोटीस त्याच्या नावाने निघते, म्हणून हरकतही त्याच्या नावाने घेता येते.

आता जरा पश्चिमेकडे नजर टाकू. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, चंदगड. या तालुक्यांच्या डोंगरकपारीत धनगरवाडे आहेत. गवळी धनगर तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. म्हशी पाळायच्या, दूध-तूप विकायचे, डोंगरउतारावर नाचणी-वरी करायची, रानातला हिरडा, मध, करवंदे गोळा करायची, हा त्यांचा संसार. पाण्याचा झरा, गुरांची वाट, देवाची राई, बापजाद्यांच्या समाध्या सगळे त्या रानात. पण कागद काढून बघा. कुठे जमीन वनखात्याची, कुठे सरकारी पड, कुठे भलत्याच खातेदाराची. वाड्यावरच्या माणसाचे नाव बहुतेक ठिकाणी कुठेच नाही.

आणि नेमक्या याच डोंगरांच्या सड्यांवर बॉक्साइट आहे. ॲल्युमिनियमचा हा कच्चा माल. राधानगरी, शाहूवाडी, चंदगड या तालुक्यांत त्याच्या खाणी निघाल्या. भुदरगडात पाटगावच्या पाण्यावर उदंचन जलविद्युत प्रकल्पाचा प्रस्तावही आपण पाहिला. उद्या आणखी काही येईल. डोंगर, पाणी आणि वारा जिथे आहे तिथे आता मोठ्या भांडवलाचे लक्ष आहे. प्रश्न एवढाच, की त्या दिवशी वाड्यावरचा माणूस कुठल्या कागदावर बोट ठेवून ‘हे आमचे’ म्हणणार?

मुळशीचा धडा

हा प्रश्न नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी मुळशी खोऱ्यात टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह केला. १९२१ साल होते. पुढे सेनापती बापट त्या लढ्याचे नेते झाले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी केलेला देशातला हा पहिल्या काही लढ्यांतला लढा. पण धरण झालेच. त्याची कारणे अनेक असतील, त्यातले एक आपण विसरता कामा नये. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी कागदावर सावकारांच्या नावे होत्या, नांगर मात्र मावळ्यांच्या हातात. मोबदल्याचा सौदा जमताच सावकारांची धार बोथट झाली आणि कसणारा एकटा पडला. कसतो एक आणि कागद दुसऱ्याचा, अशी जिथे स्थिती असते तिथे लढा आतूनच फुटतो.

याच्या उलट उदाहरण रायगडचे. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी पेण, पनवेल, उरण भागातली हजारो हेक्टर जमीन घ्यायचे ठरले. आपले डॉ. एन. डी. पाटील त्या लढ्यात अग्रभागी होते. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारलाच शेतकऱ्यांचे मत अजमावावे लागले. शेतकऱ्यांनी प्रचंड बहुमताने नकार दिला. प्रकल्प गुंडाळला गेला. तिथेही मत कुणी दिले? खातेदारांनी. ज्याच्या नावावर जमीन, त्याचे मत. तिथल्या कातकऱ्याला कुणी विचारले नाही.

डोंगरावरच्या माणसाला कायद्याने काय दिले?

मग ज्यांच्याकडे सातबारा नाही त्यांनी गप्प बसायचे काय? नाही. त्यांच्यासाठी २००६ साली वनहक्क कायदा झाला. हा कायदा फक्त अनुसूचित जमातींसाठी आहे असा आपल्या भागात मोठा गैरसमज आहे. कायद्याच्या नावातच ‘इतर पारंपरिक वननिवासी’ हे शब्द आहेत. १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, ज्याचे वास्तव्य वनात आहे आणि ज्याचे पोट वनावर आहे, त्याला दावा करता येतो. जातीचा दाखला लागत नाही. आणि ही ७५ वर्षे वास्तव्याची आहेत. दाव्यातला तुकडा तेवढी वर्षे ताब्यात हवा, असा त्याचा अर्थ नाही. अभयारण्यातल्या जमिनीलाही कायदा लागू आहे, त्यामुळे दाजीपूर-राधानगरीच्या वाड्यांनी ‘आमचं काय व्हायचं न्हाई’ म्हणून हात झटकू नयेत.

या कायद्यात सर्वांत मोलाची गोष्ट वैयक्तिक पट्टा नाही. तो तर चार हेक्टरांपर्यंतच मिळतो. मोलाचा आहे तो सामूहिक वनहक्क. गावाने परंपरेने राखलेले अख्खे जंगल ग्रामसभेच्या हाती येऊ शकते. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली असा १,८०९ हेक्टरांवरचा हक्क मिळाला. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारे हे गोंड आदिवासींचे छोटे गाव. २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकारही त्या ग्रामसभेकडे आला.

बॉक्साइटचे म्हणाल तर ओडिशातल्या नियमगिरीकडे बघा. वेदांता कंपनीच्या कारखान्यासाठी तो डोंगर खणायचा होता. डोंगरिया कोंध आदिवासींसाठी तो डोंगर म्हणजे देव. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, ग्रामसभांना विचारा. जुलै-ऑगस्टमध्ये बारा ग्रामसभा झाल्या. बाराच्या बारांनी नकार दिला. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने परवानगी नाकारली. हे कशाच्या जोरावर झाले? याच वनहक्क कायद्याच्या. मोर्चाने सरकारचे लक्ष वेधले गेले, पण निकाल लागला तो ग्रामसभेच्या ठरावावर.

मात्र एक सावधगिरीची सूचना. वनजमीन प्रकल्पाला देण्याआधी ग्रामसभेची संमती घ्यावी, असे केंद्राने २००९ मध्ये परिपत्रक काढले होते. रस्ते, कालवे, वीजवाहिन्या यांना २०१३ मध्ये त्यातून सूट मिळाली. २०२२ च्या नियमांनंतर तर केंद्राची मंजुरी आधी आणि वनहक्कांची पूर्तता राज्याने नंतर, असा उलटा क्रम झाला. म्हणजे प्रकल्पाचा कागद दिल्लीहून पुढे सरकलेला असतो आणि वाड्यावर पत्ताच नसतो. तहान लागल्यावर विहीर खणायची सवय आपल्याला आहे. या बाबतीत ती परवडणार नाही. दावा आधीच दाखल असेल, तर दाव्याची तपासणी पूर्ण होईपर्यंत वननिवासीला हलवता येत नाही, असे कायद्याचे कलम ४(५) सांगते. दावाच नसेल तर कलम कुणासाठी वापरायचे?

‘पुरावा कुठून आणायचा?’

हा पहिला प्रश्न असतो आणि त्यावरच फाइल अडते. कायद्याच्या नियमांत पुराव्यांची लांबलचक यादी आहे. गॅझेटियर, जनगणना, जमाबंदीचे अहवाल, नकाशे हे चालतात. घराचे जोते, बांध, विहीर, देवस्थान, दफनभूमी याही खुणा चालतात. दावेदार सोडून वाड्यावरच्या इतर म्हाताऱ्या माणसांचे लेखी जबाब चालतात. यातले दोन पुरावे पुरेत.

आपल्या जिल्ह्याची आणखी एक सोय आहे. १ मार्च १९४९ पर्यंत हे करवीर संस्थान होते. शाहूवाडीकडचा मुलूख विशाळगड जहागिरीत, गगनबावड्याकडचा बावडा जहागिरीत. १९३० च्या आधीच्या वास्तव्याची खूण मिळायची असेल तर ती संस्थानाच्या दप्तरात शोधायला हवी आणि कोल्हापूरच्या पुरालेखागारात ते दप्तर आहे. १८८६ चे कोल्हापूरचे गॅझेटियर तर छापील आहे, त्यात इथल्या धनगरांची नोंद आहे. शंभर वर्षांपूर्वीचा कागद वाड्यावरच्या बाईने शोधत फिरावे, ही अपेक्षाच चुकीची. मोडी वाचणारे लोक, इतिहासाचे प्राध्यापक, महाविद्यालयांतली मुले कोल्हापुरात कमी नाहीत. त्यांनी एक हंगाम या कामाला द्यावा.

ग्रामसेवक-तलाठ्यांनी हे वाचावे

आपण ज्यांना अजून ग्रामसेवक आणि तलाठीच म्हणतो, त्या मंडळींच्या हातात या कायद्याचे निम्मे यश आहे. ग्रामसभेने १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडायची, त्यात निदान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. दावे ग्रामसभेने तपासायचे, मग प्रांतांच्या अध्यक्षतेखालची उपविभागीय समिती, मग जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा समिती. ठरावाच्या सभेला निम्मे सभासद हजर हवेत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर नोंद नसलेल्या वस्त्यांची यादी करण्याचे कामही ग्रामपंचायतीकडे आले. आपल्या हद्दीतला एकेक धनगरवाडा या यादीत आहे का, हे प्रत्येक सरपंचाने पाहावे.

इथे एक अडचण मोकळेपणाने सांगितली पाहिजे. वाडा डोंगरावर आणि ग्रामपंचायत खाली गावात. सभेत गावाची संख्या मोठी, वाड्याची चार-दोन डोकी. गावातल्या काहींना खाणीत डंपर लावायचा असतो, कुणाला मुरमाचा ठेका हवा असतो. मग ठराव कुणाच्या सोयीचा होतो हे सांगायला नको. सरपंच-सदस्यांनी स्वतःला एवढेच विचारावे, की माझ्या जमिनीतून महामार्ग जाताना मी जे बोललो, तेच वाड्यावरच्या माणसाने बोलले तर मी त्याच्या बाजूने हात वर करीन का?

‘खाण आली तर रस्ता येईल, पोरांना काम मिळेल,’ असेही वाड्यावर ऐकू येते. ते खोटे म्हणून उडवून लावू नये. आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणावे लागते तिथे रस्त्याची भूक असणारच. पण त्या रस्त्यासाठी डोंगर विकायची गरज नाही. याच कायद्याचे कलम ३(२) बघा. रस्ता, शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पिण्याचे पाणी अशा गावाच्या कामाला प्रत्येकी एक हेक्टरच्या आतली वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीवर देता येते, हेक्टरी ७५ पर्यंत झाडे तोडावी लागली तरी. जो रस्ता ग्रामसभेच्या ठरावाने मिळू शकतो, तो खाणवाल्याचा उपकार म्हणून का घ्यायचा? खाण संपते, डंपर जातात, रस्ता उखडतो. झरा आटला तर तो पुन्हा फुटत नाही.

महामार्गाच्या लढ्यात ऊसवाला शेतकरी आणि त्याचे पुढारी ठामपणे उभे राहिले, ते चांगलेच झाले. त्याच ताकदीतला थोडा वाटा डोंगराकडे वळवायला हवा. पंचगंगेचे, भोगावतीचे, दूधगंगेचे पाणी याच डोंगरांतून खाली येते, तेव्हा हा उपकाराचा मामला नाही.

पुढची ग्रामसभा जवळच असेल. तिच्या विषयपत्रिकेवर तीन विषय घाला: वनहक्क समितीची निवड किंवा फेरनिवड, हद्दीतल्या वाड्यांची यादी, आणि सामूहिक वनहक्काचा दावा. ठराव लिहा, सह्या घ्या, अंगठे घ्या, प्रत प्रांत कार्यालयात देऊन पोच घ्या. ती पोच वाड्यावर पत्र्याच्या पेटीत जपून ठेवा. उद्या कुणी नकाशा घेऊन डोंगरावर आला, तर त्याला दाखवायला काहीतरी हातात असेल.