पाटी उतरली, पायरी उरली

1957 साली चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीत एका हॉटेलच्या पाटीवरून आंदोलन पेटलं. मुरली कॅफेच्या पाटीवर ‘ब्राह्मण’ हा शब्द होता. एका हॉटेलवर ‘ब्राह्मण’ लिहिणं म्हणजे बाकीच्यांना शूद्र ठरवणं, असं पेरियार यांचं म्हणणं होतं. मे महिन्यापासून द्रविड कळघमचे कार्यकर्ते तिथे निदर्शनं करत राहिले. हजारावर लोकांना अटक झाली. अखेर पुढच्या वर्षी मालकाने तो शब्द काढला. उपाहारगृहात जातीवरून कुणाला अडवता येणार नाही, असं सांगणारं संविधानाचं कलम 15(2) तेव्हा लागू होऊन सात वर्षं झाली होती.

पीएचडीसाठी मी याच तिरुवल्लिकेणीत राहते. घरातून पहिल्यांदाच विद्यापीठात पोहोचलेल्या आपल्या पिढीला हॉटेलच्या दारात सहसा पाटी अडवत नाही. अडवतो तो मेन्यूकार्डावरचा आकडा, आणि त्याहून जास्त टेबलावर मांडलेल्या काट्या-सुऱ्या. परिषदेनंतरचं जेवण असतं, मुलाखतीच्या दिवशीचा लंच असतं, नव्या नोकरीतली टीम पार्टी असते. तिथे आपण गप्प बसतो, शेजारच्याकडे बघून चमचा उचलतो किंवा ‘भूक नाही’ म्हणतो. समोरचा मात्र त्याचा अर्थ ‘आत्मविश्वास कमी आहे’ असा लावतो. समाजशास्त्रात पिएर बोर्द्यू याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो. जे घरातून फुकट मिळालेलं असतं, तेच पुढे गुणवत्ता म्हणून मिरवलं जातं.

हे भांडवल स्वस्तात मिळण्याची एक जागा आहे, आणि ती आपल्याच करातून उभी राहिली आहे. तिरुवल्लिकेणी स्टेशनवरून वेळाचेरीकडे जाणारी लोकल पुढे तरमणीला थांबते. तरमणीत केंद्र सरकारची हॉटेल मॅनेजमेंट संस्था आहे. अशा संस्थांमध्ये ट्रेनिंग रेस्टॉरंट हा अभ्यासाचाच भाग असतो. विद्यार्थ्यांची एक तुकडी स्वयंपाक करते, दुसरी वाढते, आणि शिक्षक कडेला उभे राहून बघतात. सूप, मुख्य पदार्थ, गोड असा ठरलेला बेत असतो. जागेचं भाडं आणि वाढप्यांचा पगार वसूल करायचा नसल्यामुळे असं जेवण तारांकित हॉटेलच्या मानाने बरंच कमी पैशांत देता येतं. लंडनच्या एका कॉलेजचं ‘व्हिन्सेंट रूम्स’ याच पद्धतीने सर्वांसाठी खुलं आहे.

इथे वाढणारा मुलगाही शिकाऊच असतो. त्याचा हात थरथरतो, प्लेट कुठल्या बाजूने ठेवायची ते तो आठवत असतो. हे शिष्टाचार कुणाच्या रक्तात नसतात, ते वर्गात शिकवले जातात आणि त्यांची परीक्षा असते, हे तिथे डोळ्यांनी दिसतं. काटे-सुऱ्या बाहेरून आत वापरत जायच्या, पाव डाव्या बाजूचा, पाण्याचा ग्लास उजव्या बाजूचा. गुपित म्हणतात ते एवढंच! हाताने जेवण्यात कमीपणा नाहीच. पण काटा न वापरणं ही आपली निवड असावी, भीती नव्हे.

आणखी एक गोष्ट. या अभ्यासक्रमात हाउसकीपिंग हा मुख्य विषय आहे. ज्या साफसफाईला जातीने खालचं ठरवलं, ती इथे सगळ्या जातींच्या मुलांना शिकावी लागते, आणि तिला गुण असतात.

मग अडतं कुठे? आपल्यापर्यंत माहितीच पोहोचत नाही. मुंबईत 1954 साली सुरू झालेली संस्था आज दादरला आहे, चैत्यभूमीपासून चालत जाता येईल इतकी जवळ. 6 डिसेंबरला लाखो लोक त्या परिसरात येतात. त्यातल्या किती पदवीधरांना या इमारतीत काय शिकवतात, याची कल्पना असते?

म्हणून सरकारी हॉटेल मॅनेजमेंट संस्थांकडे तीन गोष्टी मागायला हव्यात. पहिली, ट्रेनिंग रेस्टॉरंट ठरावीक दिवशी सर्वांसाठी खुलं असावं. दिवस, दर आणि नोंदणीची पद्धत फाटकावर स्थानिक भाषेत लावावी. दुसरी, सामाजिक न्याय विभागाच्या वसतिगृहांतल्या मुलामुलींना वर्षातून एकदा तरी तिथे पाहुणे म्हणून बोलवावं. तिसरी मागणी मेन्यूची. प्रांतवार पदार्थ शिकवताना महाराष्ट्र म्हणजे पुरणपोळी आणि कोल्हापुरी रस्सा एवढाच असू नये. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ 2015 साली आलं, आता ते इंग्रजीतही आहे. मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघरांची एवढी नोंद हाताशी असताना ती अभ्यासक्रमाबाहेर का?

तोवर वाट बघत बसायचं कारण नाही. आपल्या शहरातल्या संस्थेत फोन करा, रेस्टॉरंट कधी खुलं असतं ते विचारा. चौघंजण मिळून जा. कळलं नाही तर वाढणाऱ्याला विचारा, सांगणं हा त्याच्या अभ्यासाचाच भाग आहे. ‘बाहेरच्यांना प्रवेश नाही’ असं उत्तर आलं, तर ते लेखी मागा. सरकारी संस्थेसाठी माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.