डेलिया केव्हा लावावा?

मोखाडा तालुक्यातील पोशेरा येथे नोकरीनिमित्त राहावयास गेलेल्या एका कुटुंबातील वाचकभगिनीचे पत्र आम्हांस आले आहे. त्यांच्या आजेसासूबाईंनी नाशिकच्या घरी पुष्कळ वर्षे जतन केलेले जांभळ्या डेलियाचे कंद बदलीबरोबर पोशेऱ्यास गेले. ‘पावसाच्या आरंभी लावावेत’ असे कोठेसे वाचून त्यांनी लागोपाठ तीन वर्षे त्यांतील काही ज्येष्ठात लावले, आणि तिन्ही वर्षे गणपतीच्या सुमारास उकरून पाहता हाती नुसता लगदा आला. आता घरात दोनच गड्डे उरले आहेत. यंदा ते अद्याप करंडीतच आहेत. आजेसासूबाईंचे वय नव्वदीच्या घरात. रोज एकदा तरी त्या डेलियाची चौकशी करितात. तेव्हा काय करावे, असा प्रश्न आहे.

यंदा ते जमिनीत घातले नाहीत, हेच प्रथम उत्तम झाले. पुस्तकातील सल्ला खोटा नव्हता. तो दुसऱ्या गावचा होता. नाशिकास पाऊस बेताचा, जमीन निचऱ्याची. तेथे आषाढाच्या सरी कंदास मानवतात. घाटमाथा ओलांडून मोखाड्याकडे उतरावे तो मामला निराळा. येथे चार महिन्यांत अडीच हजार मिलीमीटरांच्या घरात, कधी त्याहूनही अधिक पाऊस कोसळतो आणि आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होत नाही. विलायती पुस्तकांचे तर विचारूच नये. त्यांचे सारे वेळापत्रक हिमाच्या भीतीवर बांधलेले असते: हिम सरले की एप्रिल-मे महिन्यांत लावणी, पहिल्या हिमाबरोबर फुलांची समाप्ती. आपल्याकडे वैरी हिम नव्हे, ओल होय.

यावर कोणी चिकित्सक वाचक म्हणेल, की डेलिया मूळचा मेक्सिकोचा, आणि तेथे तर तो पावसाळ्यातच वाढतो व कोरड्या हिवाळ्यात निजतो. आक्षेप खरा आहे; परंतु तो पाऊस कोठला हे पाहिले पाहिजे. डेलियाचे माहेर मेक्सिकोतील उंच डोंगरपठारांवर आहे. तेथे वर्षाकाठी पडणारा पाऊस पुष्कळ ठिकाणी आपल्या एका आषाढाहूनही कमी, जमीन ज्वालामुखीची व उताराची, आणि हवा थंड. या वनस्पतीचे कंद व बिया १७८९ च्या सुमारास मेक्सिकोहून माद्रिदच्या राजोद्यानात आल्या. तेथील पंडित काव्हानियेस यांनी १७९१ मध्ये अँडर्स डाल या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ तीस हे नाव दिले. आरंभी युरोपातील कित्येक माळ्यांनी ‘उष्ण देशची’ म्हणून तीस तापविलेल्या काचगृहांत कोंडले, आणि ती तेथे रडतखडत राहिली. देशाचे नाव ऐकून त्यांनी वेळ ठरविली. उंची व हवा कोणी पाहिली नाही. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे, त्यास ‘ठाणे जिल्ह्याचे महाबळेश्वर’ म्हणत. एवढ्यावरून तेथे व शेजारच्या मोखाड्यास थंड हवेच्या ठिकाणचे वेळापत्रक लावणे ही त्याच जातीची चूक होईल. (पालघर जिल्हा २०१४ मध्ये निराळा झाला; बिरुद अजून जुन्या जिल्ह्याचेच चालते.)

सारांश, या प्रदेशात डेलियाने पावसाळाभर निजावे आणि हिवाळ्यात फुलावे. लावणीचा मुहूर्त दसरा. पाऊस सामान्यतः ऑक्टोबरच्या पूर्वार्धात काढता पाय घेतो. जमिनीत ओल असते, पण ती कंद कुजविणारी नसते. काही मंडळी दिवाळीपर्यंत थांबतात. तसे करू नये. दिवस लहान होऊ लागला की डेलिया आपले लक्ष कंद पोसण्याकडे वळवितो, आणि मार्गशीर्ष-पौषात तर आपल्याकडे दिवस अकरा तासांच्या आसपास येतो. त्यापूर्वी झाड अंगाने भरले नसेल तर वीतभर उंचीवरच एखाददुसरे केविलवाणे फूल देऊन ते मोकळे होते. अधिक मासामुळे तिथी पुढेमागे होतात, म्हणून इंग्रजी महिनाही सांगून ठेवितो: सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, त्यापुढे नाही.

आता त्या दोन गड्ड्यांकडे वळू. दोनच उरले असता ते थेट जमिनीत घालणे म्हणजे घरातील होते नव्हते ते एका डावावर लावणे होय. मूळ गड्डा घरात राखावा आणि त्याची संतती बाहेर लावावी. हा अंक हाती पडेल तेव्हा श्रावण उतरणीस लागलेला असेल. गड्डे जागे करण्याचा हाच काळ. प्रथम ते नीट न्याहाळावेत. बटाट्याप्रमाणे डेलियाच्या कंदावर सर्वत्र डोळे नसतात. ते असतात केवळ जुन्या खोडाच्या बुडाशी, जेथे कंदांच्या माना जुळतात तेथे. मानेपासून तुटलेला कंद कितीही गलेलठ्ठ असो, त्यास कोंब कधीच येत नाही. उलट मानेशी डोळा शाबूत असलेला अंगठ्याएवढा कंदही पुरतो. कुजका भाग आढळल्यास तो चाकूने निरोगी भागापर्यंत काढून टाकून कापावर राख चोळावी.

एका पसरट खोक्यात जाड वाळू आणि चाळलेले पालापाचोळ्याचे खत समभाग घेऊन त्यात गड्डा असा बसवावा, की जुन्या खोडाचे बूड वर उघडे राहील. खोके पडवीत ठेवावे. उजेड भरपूर, पण पावसाचा शिंतोडा नको. पाणी हाताने शिंपडण्यापुरते. दोन-तीन आठवड्यांत कोंब फुटतात. ते सात-आठ सेंटिमीटर वाढले की बुडाशी धारदार पात्याने छाटावेत, खालची पाने काढावीत आणि ओल्या वाळूच्या कुंडीत सावलीस लावावेत. पंधरा ते वीस दिवसांत मुळ्या धरतात. छाटलेल्या जागी गड्डा पुन्हा कोंब देतो. अशा रीतीने एका गड्ड्यापासून पाच-सहा रोपे सहज मिळतात, आणि ती सारी आजेसासूबाईंच्याच जांभळ्या रंगाची. बियांपासून केलेल्या रोपांबद्दल अशी ग्वाही देता येत नाही. बियांची बुटकी रोपे वाफ्याची शोभा वाढवितात हे खरे. परंतु कोणत्या बीतून कोणता रंग येईल ते सांगणे कठीण.

छाट मुळ्या धरीत असता इकडे पितृपंधरवडा येतो. शुभकार्ये नसल्याने घरातील पुरुषमंडळी मोकळी असतात. त्यांच्याकडून खड्डे खणवून घ्यावेत. जागा पूर्वेची, निदान सहा तास ऊन येणारी. तिकडील तांबडी, उथळ, दगडगोट्यांची माती तशीच उपयोगाची नाही. फूटभर खोल खणून गोटे काढावेत, कुजलेले शेणखत दोन पाट्या मिसळावे आणि वाफा आजूबाजूच्या जमिनीहून वीतभर उंच करावा. ताजे शेण मुळीच घालू नये. खताचा अतिरेक केल्यास पाने कोबीसारखी माजतात व फुलांचा पत्ता नसतो. चुलीची राख मूठभर घातलेली बरी. दोन रोपांत मोठ्या जातीसाठी साठ सेंटिमीटर, लहानीसाठी त्याच्या निम्मे अंतर असावे. आधाराची काठी आधी रोवावी आणि मग तिच्याशेजारी रोप लावावे. मागाहून रोवल्यास ती हटकून कंदातून जाते. या भागात कारवीच्या काठ्या मिळतात. त्यांवर तेथील आदिवासी बांधवांच्या झोपड्यांच्या भिंती उभ्या असतात. डेलियाचा भार त्या लीलेने पेलतील. सुतळी आठाच्या आकड्यासारखी, सैल बांधावी.

पानांच्या तीन-चार जोड्या झाल्या की शेंडा खुडावा. हे करताना हात कचरतो. पण न खुडलेले झाड एकच उंच काठी होऊन राहते, खुडलेले चहूंकडे फुटते. कळ्या बहुधा तीन-तीन येतात. मोठे फूल हवे असेल तर मधली ठेवून बाजूच्या दोन खुडाव्यात. घरात मुलीबाळी पुष्कळ असतील तर सगळ्याच राहू द्याव्यात. मावा दिसताच निंबोळीचा अर्क फवारावा, कारण तो पानांवर पिवळट ठिपक्यांचा रोग आणतो. पाने चट्ट्यापट्ट्यांची होऊन झाड खुरटले तर ते उपटून जाळावे, मग ते कितीही लाडके असो. त्याच्या कंदातून तो रोग पिढ्यान्‌पिढ्या उतरतो.

पाण्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे प्राप्त आहे. ज्या तालुक्यात आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो, त्याच मोखाड्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते, आणि बायाबापड्या डोंगर उतरून हंडे वाहतात. मुंबईस पाणी देणारे मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात कोचाळ्यापाशी उभे आहे, ही गोष्ट आम्हांस दरवेळी खटकते. अशा गावी शोभेच्या फुलासाठी विहिरीचे पाणी उपसणे आम्ही तरी उचित मानीत नाही. परंतु हिशेब करून पाहिला तर त्याची आवश्यकताही पडत नाही. हिवाळ्यात एका झाडास दर तिसऱ्या दिवशी सुमारे तीन लिटर पाणी पुरते. दहा झाडे धरली तर रोजचे दहा लिटर झाले. आठ माणसांच्या घरात तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी एवढे तरी निघतेच. साबणाचे पाणी मात्र नको. बुडाशी भाताच्या पेंढ्याचे आच्छादन घातल्यास त्यातही बचत होते. म्हणून आमचे मत असे, की झाडांची संख्या वाफ्याच्या लांबीवरून ठरवू नये, मोरीतील बादलीवरून ठरवावी.

दसऱ्यास लावलेले झाड पौषात बहरास येते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाची धामधूम असते, त्या वेळी घरचा डेलिया भर फुलात असतो; हा योग आपण होऊन जुळून येतो. फुले पहाटे कापावीत आणि देठ लगेच पाण्यात बुडवावेत. देवास वाहावीत की नाही, हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. गंधहीन म्हणून वडीलधारी मंडळी नको म्हणतात. जास्वंदीस तरी कोठे गंध आहे? ती तर गजाननास प्रिय. तथापि या विषयात घरच्या आजीबाईंचा निर्णय अखेरचा समजावा; आमचा नव्हे.

महाशिवरात्रीपासून पाणी क्रमाने तोडावे. सुदैवाने डेलियाचा निजावयाचा काळ आणि विहिरीचे पाणी खाली जाण्याचा काळ एकच आहे. होळीच्या सुमारास पाने पिवळी पडली की खोड वीतभर राखून कापावे आणि फूटभर अंतरावरून खणून गड्डा अलगद उचलावा. खोड धरून ओढू नये. माना मोडतात, आणि मान मोडली म्हणजे काय होते ते वर सांगितलेच आहे. खोड पोकळ असल्याने त्यात पाणी साचून कूज लागते, म्हणून गड्डा दोन-तीन दिवस सावलीत उलटा ठेवावा. रंगाची चिठ्ठी तेव्हाच बांधावी. श्रावणात जागा केलेला मूळ गड्डा छाट घेऊन झाल्यावर मोठ्या कुंडीत लावलेला असेल. त्याचीही हीच व्यवस्था.

यापुढील पाच महिने हीच खरी कसोटी. पूर्वी बियाणे चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवीत, तेथे पावसाळ्यातही ओल शिरत नसे. आता घरोघर गॅस आला; तो धूर गेला हे डोळ्यांच्या दृष्टीने चांगले झाले, पण कंदांचा आसरा गेला. त्यास पर्याय असा: मातीच्या मडक्यात कोरडी राख किंवा भाजून थंड केलेली वाळू घालावी, तीत गड्डे एकमेकांस न लागतील असे पुरावेत आणि तोंडास फडके बांधून मडके स्वयंपाकघरातील उंच फळीवर ठेवावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत कंद घामेजून कुजतात. सारे गड्डे एकाच मडक्यात ठेवू नयेत. दोन मडकी करावीत, आणि शक्य तर एक नाशिकच्या घरी पाठवावे. दर एकादशीस मडके उघडून प्रत्येक कंद बोटाने दाबून पाहावा. मऊ लागला तर तेवढा भाग कापून राख लावावी; सुरकुतला असेल तर वाळूवर पाण्याचा हलका शिपका द्यावा. आजेसासूबाईंस बसल्या जागी हे काम सहज करता येईल, आणि कंद कोठे नरम पडतो ते त्यांच्या बोटांना आपल्याहून आधी कळेल.